असशील तिथून निघून ये

संध्याकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओवर हरवलेल्या माणसांची निवेदनं लागायची, आणि ती वाचणारा आवाज वर्षानुवर्षं एकच होता. त्या आवाजाच्या मालकाला सगळी गल्ली 'हरवलेवाले काका' म्हणायची. काका स्वतः मात्र कधी कुठे हरवले नाहीत. घर ते रेडिओ केंद्र आणि केंद्र ते घर, तेही चालत, रस्त्याच्या त्याच कडेने. बाजारात पाठवलं तर सडकी भाजी घेऊन येणारा माणूस. पण त्यांनी रेडिओवर नुसती कुणाची उंची सांगितली तरी ऐकणारा दारातून बाहेर डोकावून बघायचा, की हा तर तो नव्हे.

केंद्राच्या मागच्या अंगाला एक खिडकी होती. हरवलेल्यांचे नातेवाईक तिथे यायचे. पोलिसांचा शिक्का मारलेला कागद दाखवायचा आणि मजकूर सांगायचा. वर्ण, बांधा, अंगातला शर्ट. मग शेवटी ते ठरलेलं वाक्य यायचं. "आई अंथरुणाला खिळली आहे. असशील तिथून निघून ये. कोणी रागावणार नाही." हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण एकदा निघालं ते निघालं. त्या केंद्राच्या हद्दीत एकाही हरवलेल्या माणसाची आई धडधाकट नव्हती. बरेचदा खिडकीशी खुद्द आईच उभी असायची. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, जिना धाडधाड चढून आलेली, आणि वर म्हणायची, "लिहा, आईने अन्नपाणी सोडलंय." काका तिच्याकडे बघत राहायचे. बाईचं तोंड तेव्हाही काहीतरी चघळत असायचं. एका बापाने तर कमालच केली. त्याची बायको मुलाच्या लहानपणीच वारली होती, तरी त्याने तेच वाक्य घालायला सांगितलं.

"अहो, पण आई तर नाही ना आता?" काकांनी विचारलं.

"असू दे हो. सगळेच घालतात."

काका निमूटपणे वाचायचे. वाचायचे मात्र असे, की खोटं वाटायची सोय नाही. आवाज ना वर, ना खाली. आपण रडलो तर ऐकणारा काय करेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या सपाट, स्वच्छ आवाजाचा केंद्रावर मोठा दबदबा होता आणि काकांनाही त्याचा थोडा ताठा होता. थोडा कसला, चांगलाच होता.

घरी मात्र त्या वाक्याचं पार हसं झालेलं होतं. काकांचा एकुलता एक लेक नकला करण्यात तरबेज. जेवणं वाढून झाली, की तो स्टीलचा पेला तोंडापुढे धरायचा आणि थेट बापाच्या आवाजात सुरू करायचा. "हरवलेवाले काका हे गृहस्थ हात धुवायला गेले ते अद्याप परतलेले नाहीत. आई अंथरुणाला खिळली आहे. असाल तिथून निघून या. कोणी रागावणार नाही." काकू हातातला चमचा खाली ठेवून पोट धरधरून हसायच्या. काकाही हसायचे. त्या घरात आई अंथरुणाला खिळली आहे याचा अर्थ जेवायला बसा, एवढाच होता. एकदा काकांनीच लेकाला धंद्यातली खोच समजावून दिली होती. "रेडिओवर आई आजारी आहे असं ऐकलंस की खुशाल समजावं, आई ठणठणीत आहे. खरी आजारी असेल तिच्या घरच्यांना खिडकीपर्यंत यायला फुरसत कुठली?" तिघं मिळून त्यावरही हसले होते.

लेक मोठा झाला, रेडिओ दुरुस्तीचं काम शिकला. हात चांगला होता त्याचा, पण मन होतं माइकपुढे. केंद्राने नव्या आवाजांची परीक्षा ठेवली तेव्हा त्याने घरी न सांगता अर्ज केला. परीक्षेची पद्धत अशी, की उमेदवार एका खोलीत वाचणार, परीक्षक दुसऱ्या खोलीत नुसते ऐकणार. नाव नाही, चेहरा नाही. परीक्षकांत काका होते. स्पीकरमधून पहिला शब्द आला आणि त्यांनी ओळखलं. शेजारचे साहेब म्हणाले, "काय हो, तयार आवाज आहे."

काका म्हणाले, "नक्कल आहे. स्वतःचं काही नाही यात."

आता नक्कल कुणाची, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण उद्या कुणी म्हणायला नको, की बापाने पोराला चिकटवला. लोकांच्या तोंडाला भिऊन माणूस घरातल्यांवर किती कठोर होतो बघा. काकांचं मत जड होतं. उमेदवार नापास झाला. आणि अशा गोष्टी ज्या वाटेने बाहेर पडतात त्या वाटेने, म्हणजे शिपायाच्या तोंडून, ही गोष्टही बाहेर पडली.

"सगळ्यांना आवडला म्हणे माझा आवाज," लेक घरी येऊन म्हणाला. "एकट्या तुम्हालाच नाही आवडला."

काका म्हणाले, "अजून तयारी कर."

त्याने तयारी केली खरी, पण जायची. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, आईच्या पाया पडला आणि निघून गेला. कुठे जातोय ते सांगितलं नाही.

काकूंनी बरेच दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. आपण निवेदन देऊ या का, असं काकांनी चाचरत विचारलं तेव्हा त्या उसळल्या. "तो हरवलेला नाही, रुसलेला आहे. रुसलेल्याला पोलिसांचा शिक्का लागत नाही, बापाने जाऊन समजूत काढायला लागते." पण जाणार कुठे? गल्लीतल्या एका ट्रकवाल्याने एवढंच सांगितलं, की डोंगरापलीकडच्या कुठल्याशा बाजारात, रस्त्याच्या कडेला, दुरुस्तीच्या दुकानात त्याने पोराला पाहिलं. ट्रकवाला दुसऱ्याच्या बदली त्या रस्त्याला गेलेला, गाव काही त्याला आठवेना. "पण रेडिओ चालू होता हो दुकानात. तुमचाच आवाज होता," तो काकांना म्हणाला. काका त्या खबरीवर जगले. पोरगा आपल्याला ऐकतोय. रोज संध्याकाळी ऐकतोय.

मग काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी घरगुती उपाय झाले, मग गोळ्या झाल्या, मग पोटाचे फोटो काढले. डॉक्टरांनी काकूंना आत कपडे नीट करायला ठेवलं आणि काकांना बाहेरच्या बाकापाशी गाठलं. "वेळ निघून गेली आहे. जवळचं कोण असेल त्याला बोलावून घ्या, आणि फार लांबवू नका." काकांना पुढचं ऐकूच आलं नाही. ऐकायचा आणि बोलायचा धंदा केलेला माणूस, पण त्या बाकापाशी त्यांचे कान आणि जीभ दोन्ही गेले. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय म्हणाले? तोंड का असं पडलंय?"

"सूज आहे म्हणाले. वेळ लागेल."

"एवढंच ना? मग चला, चहा पिऊन जाऊ."

तिथेच त्यांनी ठरवलं, की हिला कळू द्यायचं नाही आणि लेकाला कळवायचं. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच तोंडाने करायच्या होत्या, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पोलिसांचा शिक्का घेऊन काका आपल्याच खिडकीत दुसऱ्या बाजूने उभे राहिले. आतल्या कारकुनाने सवयीने विचारलं, "शेवटी नेहमीचंच ना?" काका म्हणाले, "नेहमीचंच. पण खरं आहे." कारकून मान न उचलता म्हणाला, "हो, हो, सगळ्यांचं खरंच असतं." त्याची काही चूक नव्हती.

त्या संध्याकाळी काकांनी स्वतःच्या मुलाचं नाव वाचलं. उंची वाचली, वर्ण वाचला, हत्यारांची पिशवीही घातली. आणि आवाज लागला नेहमीसारखा, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. मनातून त्यांना वाटत होतं, आज तरी फुटावा हा मेला. फुटला नाही. सवय इतकी मुरली होती, की आतडं तुटत असताना जिभेला पत्ता नव्हता.

घरी काकू उशांना टेकून बसल्या होत्या, रेडिओ बाजूच्या स्टुलावर. काकांना बघताच त्यांना हसू फुटलं. "अहो, मला अंथरुणाला खिळवलंत होय! पोटाला जरा सूज आली तर लगेच अन्नपाणी बंद? पोरगं ऐकत असलं तर म्हणेल, बाबा स्वतःच्याच पेल्यात पडले." त्या इतक्या हसल्या, की कळ आली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण बरं केलंत. तुम्ही वाकलात. तेवढ्याने येईल तो."

तो आला नाही.

काकांनी पुन्हा वाचलं, मग पुन्हा. शब्द वाढवले. अत्यवस्थ घातलं, शेवटच्या घटका घातल्या, तुझ्या वाटेकडे डोळे लागले आहेत घातलं. जसजसे शब्द जड होत गेले तसतसं निवेदन बाकीच्या निवेदनांसारखंच, उलट जास्तच बनावट वाटायला लागलं. काकांना ते स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं. खरं सांगायला दुसरे शब्दच शिल्लक नव्हते. सगळे त्या पिशव्यावाल्या बायांनी कधीच वापरून टाकले होते, आणि पोराला त्यावर हसायला शिकवलं होतं कुणी? डोंगरापलीकडे कुठेतरी तो खाली मान घालून तारा जोडत असेल, बापाचा आवाज ऐकून गालात हसत असेल आणि मनात म्हणत असेल, म्हणजे आई ठणठणीत आहे. काका केंद्राच्या न्हाणीघरात जाऊन भिंतीवर डोकं आपटायचे. मग तोंड धुऊन, भांग पाडून बाहेर यायचे.

काकूंचं पोट चढलं, चेहरा उतरला. घास जाईना. तरी निवेदनाची वेळ झाली की त्यांना रेडिओ हवा. "आज तर मला मारायचंच काय ते बाकी ठेवलंत," एकदा त्या म्हणाल्या. "आणि काय हो, उद्या मी खरंच मरायला टेकले तर काय वाचाल? सगळं वाचून संपवलंत की."

काका पाणी आणायला म्हणून उठले आणि माठापाशी तसेच उभे राहिले. त्याच जागी त्यांना सुचलं. अन्नपाणी सोडलं म्हटलं की हसायचं हे ज्याला शिकवलंय, त्याला उलटं सांगायचं. आजवर त्या खिडकीतून कुठल्याही हरवलेल्या मुलाला, तुझी आई बरी आहे, असं कुणी कळवलं नव्हतं. असं कोण कळवेल? का कळवेल? तो ऐकताक्षणी दचकेल. त्याला कळेल.

पण ऐकणारे दोघं होते. लेकाला कळेल ते या बाईलाही कळेल. तिघंच तर हसायचे त्या वाक्याला.

दुसऱ्या दिवशी निघताना काकांनी रेडिओच्या पाठचं झाकण उघडलं, सेल काढले आणि खिशात टाकले. रात्री उजेडाला लागणाऱ्या बॅटरीतले सेलही काढून घेतले, कारण काकू तेच घालायला सांगतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "सेल संपलेत, येताना नवे आणतो," एवढं सांगून ते घाईने पायऱ्या उतरले. शेजारच्या वहिनींना म्हणाले, "जरा हिच्याजवळ बसता का? तेवढीच सोबत."

केंद्रावर त्यांनी वाचलं. लेकाचं नाव घेतलं, मग एक श्वास घेतला. "तुझी आई बरी आहे. तिची काळजी करू नये. घाईने येण्याचे कारण नाही." काचेपलीकडच्या यंत्रवाल्याने चमकून वर पाहिलं. कारकून धावत आला. "काका, हे काय वाचलंत? मजकूर असा नव्हता." साहेबांनीही बोलावून घेतलं. काका खाली मान घालून ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागदावर नसलेलं वाचलं होतं.

घरी परतले तर वहिनी दारातच भेटल्या, आनंदाने फुललेल्या. "काका, आज किती छान वाचलंत! काकूंचा रेडिओ बंद म्हणून मी आमचाच घेऊन आले. म्हटलं, त्यांचं ऐकायचं चुकायला नको." बिचारीने चांगल्या मनाने केलं. तिला काय माहीत.

आत दिवा लावलेला नव्हता. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. काका कॉटच्या कडेला टेकले.

"डॉक्टर तुम्हाला कधी म्हणाले?" काकूंनी विचारलं.

काका पांघरुणाची कड सारखी करत राहिले.

"फोटो काढले त्या दिवशी ना? मग आपण चहा प्यायलो. मी दोन कप प्यायले." मग त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी हसत होते आणि तुम्ही मला हसू दिलंत."

"तू हसत होतीस म्हणूनच..." काकांचा आवाज तिथे फुटला. इतकी वर्षं रेडिओवर जे झालं नाही ते त्या अंधारात झालं. ते लहान मुलासारखे रडले. काकू रडल्या नाहीत, त्यांना नवऱ्याचा राग आला होता, आणि तो राग खरा होता. आपलं मरण आपल्याला शेजारणीच्या रेडिओवरून कळावं, याचा कुणाला राग येणार नाही? त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलं. म्हणजे त्यालाही कळेल. दाराची कडी लावू नका."

त्या दिवसापासून त्यांनी रेडिओ मागितला नाही. चेष्टा केली नाही. बघायच्या त्या दाराकडे. काकांनी आपल्या हाताने त्यांचे उरलेसुरले हसायचे दिवस काढून घेतले होते, आणि बदल्यात काय मिळणार होतं याची खात्री नव्हती. उघड्या दारातून वारा यायचा, मांजर यायचं. काका दचकून उठायचे.

आणि मग एका सकाळी तो आला. दाढी वाढलेली, खांद्याला तीच पिशवी. बापाला ओलांडून आत गेला. "बरी आहे ऐकलं आणि हातातली तारा जोडायची डागणी तशीच टाकून निघालो," एवढंच म्हणाला. बापाशी दुसरा शब्द बोलला नाही, पण आईच्या उशाशी बसला तो हलला नाही. काकूंनी त्याच्या गालावरून, दाढीवरून हात फिरवला. बोलायचं त्राण फारसं नव्हतंच, पण त्या दिवशी चार घोट पोटात गेले.

संध्याकाळी काका घुटमळत होते. काकूच म्हणाल्या, "जा तुम्ही. तुमची वेळ झाली. लोकांची पोरं हरवलीत." आता पोरगा जवळ होता म्हणून काका गेले.

त्या संध्याकाळी निवेदनं जास्त होती. चार आया अंथरुणाला खिळलेल्या होत्या. काकांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तर रुमालाबरोबर सेल बाहेर आले आणि टेबलावर गडगडले. त्यांनी हाताने थोपवले आणि वाचत राहिले.

घरी परतले तेव्हा गल्लीतली माणसं दाराशी उभी होती. वाट करून देणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्याकडे बघेना. कुठल्या दारात माणसं अशी उभी असतात ते काकांना न सांगता कळलं. लेक कॉटपाशी तसाच बसला होता, आईचा हात हातात धरून. स्टुलावर रेडिओ पालथा पडलेला, पाठचं झाकण उघडं.

"तुमची वेळ झाली म्हणाली. रेडिओ लाव म्हणाली," लेकाने सांगितलं. "बघतो तर सेल नाहीत. बॅटरीतही नाहीत. वहिनींच्या घराला कुलूप. दुकानात जायला उठलो तर हात सोडेना."

काकांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"मग?"

लेकाने जमिनीवरून पाण्याचा पेला उचलून दाखवला. "मग मीच वाचलं."

"काय वाचलंस?"

"नेहमीचंच."

"कसं वाचलंस?" काकांनी विचारलं. आवाज कुठल्या कुठे गेला होता त्यांचा. "वाच ना. मला ऐकव."

लेकाने बापाकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, तो पेला भिंतीवर फेकतो की काय. मग त्याने तो तोंडापुढे धरला आणि हळूहळू, ना वर ना खाली, वाचायला सुरुवात केली. आई अंथरुणाला खिळली आहे. असाल तिथून निघून या. कोणी रागावणार नाही. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग खिशातले सेल काढले, ते रेडिओत घातले, झाकण लावलं आणि रेडिओ सुरू न करता पुन्हा काकूंच्या उशाशी ठेवून दिला.